जुन्या .२२ कार्बाइनवर पीप साइट आणि रेड डॉट: काय लावावं, कसं बसवावं, खाऱ्या हवेत कसं टिकवावं

तुम्ही लिहिलंय की वडिलांची .२२ ची बोल्ट अ‍ॅक्शन (हाताने बोल्टचा दांडा मागे-पुढे करून गोळी भरायची) कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, आता रीतसर तुमच्या लायसन्सवर आली आहे, पंचेचाळिशीनंतर तिची उघडी बॅकसाइट (नेम धरायची मागची खाच) धूसर दिसू लागली आहे आणि घर मालवणजवळ, अगदी समुद्राच्या कडेला आहे. नवी पीप साइट (बारीक भोकातून बघायची साइट) लावावी, रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) लावावा की दोन्ही, घरच्या घरी बसवता येईल का, आणि आपल्या हवेत ते टिकेल का, असे तुमचे प्रश्न आहेत.

मी सैन्यात आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो. आता रत्नागिरीकडे स्थायिक आहे आणि रेंजवर मुलांना शिकवतो. माझं मत आधीच सांगतो: दोन्ही लावा, पण पैसे डॉटवर कमी आणि माउंटवर, म्हणजे साइट रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीवर, जास्त घाला. नेम चुकण्याच्या ज्या तक्रारी माझ्यापुढे येतात, त्यांतल्या बहुतेक भिंगाच्या नसतात, सैल बसलेल्या बेसच्या, म्हणजे माउंटच्या तळाच्या, असतात. कोकणात त्यात गंजलेल्या स्क्रूंची भर पडते.

आधी डोळ्यांचं बघू. उघड्या साइटमध्ये बॅकसाइटची खाच, नळीच्या टोकावरच्या फोरसाइटचं टोक आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी डोळ्याला एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. चाळिशीनंतर डोळ्याचं भिंग ताठर होतं आणि जवळची बॅकसाइट सर्वांत आधी धूसर होते. पीप साइटमध्ये बारीक भोकातून बघितल्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं. भोक मधोमध आणायचं काम डोळा आपोआप करतो, तुम्ही फक्त फोरसाइटवर लक्ष ठेवायचं. रेड डॉटमध्ये तेही नाही. आतल्या एलईडीचा प्रकाश लेप दिलेल्या वक्र भिंगावरून परतून डोळ्यात येतो आणि ठिपका लांबवर, लक्ष्याच्याच अंतरावर असल्यासारखा दिसतो. डोळे लक्ष्यावर ठेवायचे, ठिपका तिथे आणायचा, बस्स. लक्ष्यावर प्रत्यक्षात काहीच पडत नाही, हा लेझर नव्हे. ही कल्पना तशी जुनी आहे. डब्लिनच्या हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली परावर्तित खुणेच्या साइटचं पेटंट घेतलं होतं. विजेवर चालणारा आजच्या वळणाचा रेड डॉट स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने १९७५ मध्ये बाजारात आणला.

विकत घेण्यापूर्वी एक गोष्ट मात्र नक्की करा. कुणाचा तरी रेड डॉट हातात घेऊन त्यातून बघा. ठिपका गोल न दिसता धूमकेतूसारखा फाकलेला किंवा द्राक्षाच्या घडासारखा दिसला, तर दोष बहुधा साइटचा नाही, तुमच्या डोळ्यांत दृष्टिवैषम्य आहे, ज्याला चष्म्याच्या दुकानात सिलिंडरचा नंबर म्हणतात. खात्री करायची असेल तर त्याच भिंगातून मोबाइलने फोटो काढा. फोटोत ठिपका गोल आला तर नंबर काढून घ्या आणि चष्मा लावून पुन्हा बघा. पीप साइटच्या भोकातून तोच ठिपका पाहिला तरी तो बराच आवळून येतो. दोन्ही लावा असं मी म्हणतो त्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण म्हणजे तुम्हाला क्लबच्या स्पर्धेत उतरायचं आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार होणाऱ्या १० मीटर आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण किंवा रेड डॉट चालत नाही, पीप साइटच लागते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्यपदक मिळवलं, तेही अशाच भोकातून बघून. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं. रेड डॉटचा ठिपका एमओएमध्ये (अंशाचा साठावा भाग, कोनाचं माप) मोजतात आणि १ एमओए म्हणजे १०० मीटरवर २९ मिलिमीटर, ५० मीटरवर साधारण साडेचौदा. म्हणजे २ एमओएचा बारीक ठिपकासुद्धा ५० मीटरवर २९ मिलिमीटर झाकतो आणि ६ एमओएचा जवळजवळ ८७. कागदावर गुण मिळवायचे तर पीप साइटला पर्याय नाही. लोखंडी पाट्या पाडायच्या, पटापट लक्ष्य बदलायचं किंवा संध्याकाळच्या कमी उजेडात सराव करायचा असेल, तर डॉटची मजा वेगळीच. तुम्ही २ किंवा ३ एमओएचाच घ्या.

आता मुख्य गोष्ट, बेस. तुमच्या रायफलीच्या रिसीव्हरवर (नळीमागचा, बोल्ट बसतो तो भाग) लांबीच्या दिशेने दोन खोबणी आहेत असं तुम्ही लिहिलंय. तो डोव्हटेल. .२२ आणि एअर रायफलींवर त्याला सरसकट ११ मिलिमीटर म्हणतात, पण प्रत्यक्षात जुन्या रायफलींवर तो थोडा कमी-जास्त निघतो आणि खोबणीच्या भिंतीचा कोनही कंपनीगणिक बदलतो. म्हणून व्हर्नियर घेऊन मोजा: वरची रुंदी, खोबणीतली रुंदी, खोली आणि सलग लांबी. बहुतेक रेड डॉट पिकाटिनी रेलसाठी, म्हणजे ठरावीक मापाच्या आडव्या खाचांच्या पट्टीसाठी, बनवलेले असतात. त्या रेलच्या खाचा ५.२३ मिलिमीटर रुंद आणि एकमेकींपासून १०.०१ मिलिमीटरवर असतात, तुमच्या डोव्हटेलशी त्यांचा काही संबंध नाही. मध्ये अ‍ॅडॅप्टर लागतो. तो स्टीलचा किंवा चांगल्या अ‍ॅल्युमिनियमचा, पूर्ण लांबीची पकड असलेला आणि शक्य तितका बुटका घ्या.

बुटका यावर मी अडून बसतो, त्याला कारण आहे. इंटरनेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकी एआर-१५ कार्बाइनचे असतात. तिचा बट (खांद्याला टेकणारा मागचा भाग) नळीच्या सरळ रेषेत असतो, म्हणून तिची साइट नळीच्या मध्यापासून सुमारे ६६ मिलिमीटर उंच बसवतात. व्हिडिओ पाहून लोक तोच उंच माउंट मागवतात आणि आपल्या खाली उतरत्या लाकडी बटाच्या रायफलीवर चढवतात. मग गाल बटाला टेकत नाही, हनुवटी टेकते, मान ताणली जाते आणि डोळा प्रत्येक वेळी वेगळ्या जागी येतो. बोल्ट रायफलीवर गाल नेहमीच्या जागी टेकवून डोळे उघडले की ठिपका काचेच्या मध्यावर दिसला पाहिजे. तो शोधण्यासाठी डोकं उचलावं लागत असेल तर माउंट बदला. ते जमत नसेल तर बटावर गालासाठी चामड्याची पट्टी चढवा.

जागेचं असं करा. रेड डॉटला डोळ्यापासून ठरावीक अंतर लागत नाही, म्हणून तो रिसीव्हरच्या पुढच्या भागावर बसवता येतो आणि मागचा भाग पीप साइटला मोकळा राहतो. अशी पीप साइट घ्या की जिची बारीक भोकाची चकती आट्यांवरून काढून ठेवता येईल. ठिपका फाकत नसेल तर डॉट वापरताना चकती काढायची आणि मोठ्या कड्यातून बघायचं. दोन्हींची उंची जुळली तर फोरसाइटचं टोक ठिपक्याच्या खालीच दिसेल आणि बॅटरी संपली तरी अडायचं नाही. उंची जुळत नसेल तर हट्ट धरू नका. एका वेळी एकच लावा.

कामाला बसण्यापूर्वी मॅगझिन काढा, बोल्ट पूर्ण बाहेर काढा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या जागेत) उजेड पाडून बघा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. बोल्ट रायफलीत बोल्ट बाहेर ठेवून सगळं काम होतं, त्यामुळे तो आत घालायचं कारणच नाही.

पीप साइट उंच बसली म्हणून फोरसाइटही बदलावी लागली, तर ते या सगळ्यातलं सर्वांत नाजूक काम. ती नळीवरच्या आडव्या डोव्हटेलमध्ये ठोकून बसवलेली असते. आधी जुन्या साइटची आणि नळीची सांधरेषा पेन्सिलीने आखून ठेवा. जुन्या कारागिरांची रीत अशी की मागून पाहताना डावीकडून उजवीकडे ठोकून काढायची आणि नवी उजवीकडून डावीकडे घालायची. नळी व्हाइसमध्ये लाकडाच्या किंवा चामड्याच्या आधाराने धरा आणि पितळी पंच वापरा. लोखंडी पंचाने नळीवर पडलेला वण जात नाही, आणि आपल्याकडे गंजाची सुरुवात तिथूनच होते. साइट हलत नसेल तर गंज सोडवणारं पातळ तेल रात्रभर घालून ठेवा, हातोडीचा जोर वाढवू नका.

नवी साइट बोटाने एक तृतीयांश आत जावी आणि बाकीची हलक्या ठोक्यांनी. घट्ट होत असेल तर साइटचा तळ किंवा कडा तिकोनी बारीक कानशीने घासा आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी लावून बघा. नळीतल्या खाचेला कानस लावायची नाही. साइट बिघडली तर दुसरी मिळते, खाच मोठी झाली तर नळीच गेली. फोरसाइट मुद्दाम थोडी उंच घ्या. फोरसाइट उंच असली की गोळ्या खाली लागतात, मग रेंजवर ती थोडी थोडी घासत ग्रुप, म्हणजे लागलेल्या गोळ्यांचा पुंजका, वर आणता येतो. आधीच बुटकी घेतली तर परतीचा रस्ता नाही.

पीप साइटचं आणि डॉटचं माउंट बसवताना डोव्हटेलवरचं जुनं तेल स्पिरिटने पूर्ण पुसून काढा. पकडीच्या पृष्ठभागावर तेल राहिलं की माउंट सरकतं. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचे नाहीत, सगळे हाताने टेकवा आणि मग आळीपाळीने थोडे थोडे आवळा. बारीक स्क्रूंना साधारण १५ ते २० इंच-पाउंड, म्हणजे दोन न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. तुमच्या माउंटच्या कागदावर वेगळा आकडा असेल तर तो पाळा. टॉर्क रेंच नसेल तर एलन की आखूड बाजूने धरून दोन बोटांनी आवळा, लांब बाजूने जोर लावलात तर अ‍ॅल्युमिनियमचे आटे सहज जातात. आट्यांना निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ न देणारा डिंक) एक थेंब, त्याहून जास्त नको. लाल लॉकटाइट वापरू नका, पुढे ते तापवल्याशिवाय सुटत नाही. शेवटी बोल्ट घालून सावकाश मागे-पुढे करून बघा. हँडल वर येताना माउंटला घासतं का आणि रिकामं काडतूस बाहेर पडायला जागा आहे का, हे रेंजवर कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

हे सगळं तुम्ही करू शकता. पण तुमच्या रिसीव्हरवर खोबणी नसती आणि भोकं पाडून आटे काढावे लागले असते, तर मी ठाम नाही म्हटलं असतं. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे शस्त्रांच्या दुरुस्तीला आणि फेरफारांना परवाना लागतो, तेव्हा ते काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यायचं.

आता तुमचा खरा प्रश्न, खारी हवा. मालवण-देवगडच्या हवेत मीठ बारा महिने असतं आणि मृगापासून पुढे चार महिने ओल. स्टीलचा रिसीव्हर, अ‍ॅल्युमिनियमचं माउंट आणि त्यात काळ्या लेपाचा साधा स्क्रू, असे दोन-तीन धातू खारट ओलीत एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडून खाल्लं जातं आणि स्क्रू आट्यांत धरून बसतो. एका पावसाळ्यात स्क्रूच्या डोक्यातलं षटकोनी भोक गंजून गोल झालेलं मी कितीतरी माउंटांवर पाहिलंय. मग एलन की फिरते, स्क्रू नाही.

उपाय असा. माउंटबरोबर आलेले स्क्रू एकेक काढून मोजा आणि त्याच मापाचे ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू घ्या. ट्रॉलरचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा, रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बाजूला किंवा तुमच्याकडे मालवण बंदराजवळ. साधं ३०४ स्टेनलेस खाऱ्या हवेत हळूहळू डाग धरतं, ३१६ बरंच तग धरतं. ते कडक पोलादापेक्षा मऊ असतं खरं, पण .२२ च्या धक्क्याला पुरून उरतं. आटे मात्र नीट तपासा. परदेशी माउंटांत इंची आटे असतात, त्यांत मिलिमीटरचा स्क्रू पहिले दोन फेरे गोड फिरतो आणि मग आटे कापतो. लॉकटाइटचा इथे दुहेरी फायदा आहे, ते आट्यांतली फट भरतं आणि खारं पाणी आत शिरू देत नाही.

डॉट बंद नळीचा घ्या. उघड्या प्रकारात एलईडी मागच्या बाजूला उघड्यावर असतो. पावसाचा एक थेंब किंवा पुळणीवरची बारीक वाळू त्यावर बसली की ठिपका फुटतो किंवा गायब होतो. बंद नळीत पुढे-मागे काच असते, वरचं पाणी पुसलं की झालं. आयपी६७ लिहिलेलं असेल तर १ मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल इतपत ते बंद आहे असं समजा. पण ते बॅटरीचं झाकण आणि त्याची रबरी रिंग नीट बसली असेल तरच. रिंगेला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा. महिनाभर वापरणार नसाल तर बॅटरी काढून ठेवा, कारण ती फुगली किंवा गळली की संपर्काची पत्री हिरवी पडते.

काच कोरडी पुसू नका. तिच्यावर मिठाचे कण असतात आणि रुमालाने घासले की लेपावर बारीक रेघा उठतात. आधी फुंकणीने उडवा, मग डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपा, मग कोरडं करा. रायफल फोमच्या पेटीत पावसाळाभर बंद ठेवू नका. फोम ओल धरून ठेवतो आणि काचेला बुरशी येते. बुरशी लेपात शिरली की ती काच कायमची धुरकट होते. लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, नळी खाली करून उभी ठेवा. निळ्या दाण्यांचा रंग गुलाबी झाला की तव्यावर मंद आचेवर गरम केल्यावर दाणे पुन्हा निळे होतात, मात्र त्या तव्यावर नंतर भाकरी भाजू नका.

पाऊस सरला की एकदा माउंटच्या जागेची खूण करून ते पूर्ण उतरवा. खंडेनवमीला शस्त्र बाहेर निघतंच, तेव्हाच हे करून टाका. माउंटखालचा भाग वरून कधीच दिसत नाही आणि गंज तिथेच साठतो. पुसून तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, मग पकडीच्या जागेवरचं तेल पुन्हा पुसून घ्या आणि माउंट त्याच खुणेवर बसवा. हळदकुंकू आणि अक्षता लाकडावर वाहा, रेलच्या खाचांत राहिल्या तर त्या ओल धरतात.

झिरोइंग, म्हणजे साइटचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवणं, रेंजवरच करायचं. वाडीत, आमराईत किंवा खाडीच्या काठाला नाही. .२२ ची गोळी छोटी दिसते, पण किलोमीटरभराहून लांब जाते, आणि पाण्यावरून किंवा ओल्या वाळूवरून उडून दिशा बदलते. जांभ्याच्या गडग्यावर मारलेली गोळीही परत फिरते. शेतात येणाऱ्या वानरांसाठी किंवा डुकरांसाठी हिचा विचार करू नका, १९७२ चा वन्यजीव कायदा आड येतो.

रेंजवर २५ मीटरपासून सुरुवात करा. वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या, त्यांचा मध्य काढायचा आणि त्यावरच दुरुस्ती करायची. एका गोळीमागे धावत स्क्रू फिरवणं हा गोळ्या वाया घालवण्याचा सर्वांत जलद मार्ग आहे. डॉटच्या नॉबच्या १ एमओएच्या एका क्लिकने २५ मीटरवर ग्रुप साधारण ७ मिलिमीटर सरकतो. साध्या साइटचा हिशोब असा: दोन साइटमधलं अंतर ५०० मिलिमीटर असेल आणि २५ मीटरवर ५० मिलिमीटर चूक असेल, तर साइट १ मिलिमीटर सरकवायची. बॅकसाइट जिकडे ग्रुप न्यायचा तिकडे, फोरसाइट उलट दिशेला.

शेवटचा झिरो ५० मीटरवर घ्या. ठिपका नळीपासून ४० मिलिमीटर उंच असेल आणि साध्या वेगाची काडतुसं असतील, तर २५ मीटरवर गोळी सेंटीमीटरभर वर आणि १० मीटरवर तितकीच खाली लागेल. जवळच्या पाट्यांवर नेम खाली का लागतोय म्हणून नॉब फिरवू नका. उन्हात पांढऱ्या टार्गेटवर ठिपका फिका वाटला तर प्रकाश वाढवा, मळभ आलं की कमी करा, कारण जास्त प्रकाशात ठिपका फुगतो आणि ग्रुप पसरतो. रायफल पिशवीवर स्थिर ठेवून फक्त डोकं हलवून बघा. ठिपका लक्ष्यावरून किती सरकतो ते कळेल. १० मीटरवर तो जास्त सरकतो, म्हणून जवळच्या लक्ष्याला ठिपका काचेच्या मध्यावरच ठेवायची सवय लावा.

झिरो झाला की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर उतरणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला, हे गोळी न झाडता कळतं.

डोव्हटेलची मापं आणि रिसीव्हरचा वरून व बाजूने काढलेला फोटो टाका, नंबर झाकून. अ‍ॅडॅप्टर कुठल्या उंचीचा लागेल ते त्यावरून सांगतो.